आमाल्फी की चिंक्वे तेर्रे? रोम आणि फ्लॉरेन्सनंतरचे चार मुक्काम

पुण्याच्या एका कुटुंबाचा प्रश्न आहे. पती-पत्नी, पंधरा वर्षांची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेले आई-वडील असे पाच जण मेच्या मध्याला अकरा दिवसांसाठी इटलीला जाणार आहेत. रोमचे तीन आणि फ्लॉरेन्सचे दोन मुक्काम ठरले आहेत आणि त्यानंतर चार मुक्काम समुद्रकाठी करायचे आहेत. ते दक्षिणेच्या आमाल्फी किनाऱ्यावर करावेत की वायव्येच्या चिंक्वे तेर्रे या पाच गावांच्या भागात, यावर घरात एकमत होत नाही. सर्वजण शाकाहारी आहेत, आईंचे गुडघे दुखतात, वडिलांना घाटात गाडी लागते आणि विमानाची तिकिटे अद्याप काढलेली नाहीत.

उत्तर आधी देतो आणि कारणे मागून सांगतो. या कुटुंबाने चिंक्वे तेर्रेला जावे, मात्र त्या पाच गावांपैकी एकातही मुक्काम न करता शेजारच्या लेव्हान्तो या गावी राहावे आणि परतीचे विमान रोमऐवजी मिलानहून घ्यावे. या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. परतीचे तिकीट रोमहूनच काढायचे असेल, तर माझे उत्तर बदलेल, आणि ते कसे, तेही पुढे येईल.

मराठी कुटुंबांच्या इटलीच्या सहली आखताना मला नेहमी असे दिसते की या दोन किनाऱ्यांची तुलना छायाचित्रांवरून केली जाते. तसे केले तर निर्णय कधीच होत नाही, कारण छायाचित्रांत दोन्हीकडे तेच असते: उभ्या कड्याला बिलगलेली रंगीत घरे, खाली निळे पाणी आणि मध्ये लिंबाच्या किंवा द्राक्षांच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या बागा. युनेस्कोने दोन्ही प्रदेशांना 1997 या एकाच वर्षी जागतिक वारशाच्या यादीत घेतले आणि दोन्हीकडे कारणही सारखेच होते, म्हणजे माणसाने शतकानुशतके डोंगर कोरून, दगडी बांध घालून घडवलेला भूप्रदेश. सौंदर्यात डावे-उजवे करता येत नाही. खरा फरक आहे तो एका गावातून दुसऱ्या गावी माणूस कसा पोहोचतो, यात. तुमच्या घरातील दोन ज्येष्ठांचे चार दिवस सुखाचे जातील की दगदगीचे, हे यावरच ठरेल.

आमाल्फी किनाऱ्यावर रेल्वे नाही. रेल्वे एका टोकाला सॉरेन्तोपर्यंत आणि दुसऱ्या टोकाला सालेर्नोपर्यंत येते. मधली पोझितानो, प्रायानो, आमाल्फी, आत्रानी, मिनोरी, मायोरी ही सारी गावे एकाच रस्त्याने जोडलेली आहेत. एकोणिसाव्या शतकात कड्यात कोरलेला हा रस्ता इतका अरुंद आहे की काही वळणांवर समोरून बस आली, तर दोघांपैकी एकाला मागे हटावे लागते. हंगामाच्या दिवसांत बाहेरून येणाऱ्या मोटारींना नंबर प्लेटच्या सम-विषम आकड्यांप्रमाणे एक दिवसाआड प्रवेश देण्याचा नियमही तेथे केलेला आहे. सार्वजनिक बस नियमित धावते आणि तिचे भाडेही माफक आहे, पण ती सॉरेन्तो, आमाल्फी किंवा सालेर्नो येथे, म्हणजे जेथून सुटते तेथेच पकडावी. मधल्या थांब्यांवर भरलेली बस न थांबता निघून जाते आणि मग भर उन्हात, रस्त्याच्या कडेला, कठड्याला टेकून पुढच्या बसची वाट पाहावी लागते. ज्यांना गाडी लागते त्यांच्यासाठी हा रस्ता म्हणजे शिक्षाच आहे, आणि तुमच्या वडिलांचा त्रास पाहता मी त्यांना या बसमध्ये सलग दोन दिवस बसवणार नाही.

एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालणाऱ्या फेरीबोटी हा यावरचा चांगला उपाय आहे. सालेर्नोहून आमाल्फीला बोटीने पाऊण तासाच्या आतच पोहोचता येते आणि पोझितानोला साधारण सव्वा तास लागतो. किनारा पाहावा तर तो समुद्रातूनच, हेही खरे. अडचण इतकीच आहे की समुद्र खवळला की फेऱ्या बंद होतात आणि त्या दिवशी साऱ्या गावांची गर्दी पुन्हा त्याच एका रस्त्यावर लोटते.

पोझितानोबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण मुलीने बहुधा तेथेच राहण्याचा हट्ट धरला असेल. गावात मोटार जाऊ शकेल असा अंतर्गत रस्ता एकच आहे आणि तोही एकेरी. किनाऱ्याच्या मुख्य रस्त्यावरून धावणारी बस गावाच्या वरच्या अंगाला दोन ठिकाणी थांबते. तेथून खाली समुद्रापर्यंत जायचे तर बहुतांशी पायऱ्याच आहेत, आणि हॉटेल कड्याच्या मध्यावर असेल तर सकाळी न्याहारीनंतर खाली उतरणे आणि दुपारी उन्हात वर चढणे हा रोजचा कार्यक्रम होऊन बसतो. सामान हमालाकडे देता येते, पण तो प्रत्येक बॅगेचे वेगळे पैसे घेतो. खोलीचे दरही साऱ्या किनाऱ्यावर तेथेच सर्वांत चढे असतात. गुडघ्यांचा त्रास असलेल्या माणसाने पोझितानो बोटीतून पाहावे, धक्क्यावर उतरून तासभर बसावे आणि पुढे निघावे. याहून अधिक काही करण्याचा आग्रह धरू नये.

आता चिंक्वे तेर्रे. मोन्तेरोस्सो, व्हेर्नात्सा, कोर्निलिया, मानारोला आणि रिओमाज्जोरे ही पाच गावे ला स्पेत्सिया आणि लेव्हान्तो या दोन शहरांच्या मध्ये आहेत, आणि या साऱ्यांना जोडणारी रेल्वे आहे. जेनोवा ते ला स्पेत्सिया हा मार्ग 1874 मध्ये पूर्ण झाला. तोवर या गावांना बाहेरचे जग गाठायचे तर होडी किंवा डोंगरातील पाऊलवाट एवढेच पर्याय होते. आज हंगामात दिवसभर थोड्या थोड्या वेळाने लोकल सुटते आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला पोहोचायला चार-पाच मिनिटे लागतात. घाट नाही, वळणे नाहीत, गाडी लागण्याचा प्रश्न नाही. मात्र रेल्वेच्या खिडकीतून समुद्र पाहत जाऊ, अशी अपेक्षा ठेवू नये. कोकण रेल्वेवर रत्नागिरीच्या आसपास होते तसे येथे होते: एक बोगदा संपतो, क्षणभर उजेड आणि हिरवळ दिसते आणि लगेच दुसरा बोगदा सुरू होतो. रिओमाज्जोरे आणि व्हेर्नात्सा येथे तर फलाटाचा काही भागच बोगद्यात आहे, त्यामुळे मागच्या-पुढच्या डब्यात बसलेला प्रवासी बाहेर अंधार पाहून स्थानक आलेच नाही असे समजतो आणि उतरायचे राहून जाते. शक्यतो मधल्या डब्यात बसावे.

गुडघ्यांच्या दृष्टीने ही पाचही गावे सारखी नाहीत. मोन्तेरोस्सो सर्वांत सपाट आहे. स्थानकाबाहेर पाऊल टाकले की समोरच किनाऱ्यालगतचा रस्ता आणि लांबलचक पुळण आहे, आणि जुन्या गावात जायला छोटासा बोगदा चालून ओलांडावा लागतो. व्हेर्नात्साचा मुख्य रस्ता स्थानकापासून हळूहळू उतरत थेट बंदरावरच्या चौकात जातो. आईंना तेथे चौकातल्या बाकावर बसून तास-दोन तास सहज घालवता येतील. 25 ऑक्टोबर 2011 रोजी अतिवृष्टीने डोंगर खचून हाच रस्ता चिखल-दगडांनी पहिल्या मजल्यापर्यंत भरला होता, हे आज तेथे उभे राहून खरे वाटत नाही. मानारोला आणि रिओमाज्जोरे येथे स्थानकातून पादचारी बोगद्याने गावात शिरता येते, पण पुढे चढ-उतार बराच आहे. कोर्निलिया हे एकच गाव समुद्राला लागून नाही. ते सुमारे शंभर मीटर उंच सुळक्यावर वसले आहे, आणि स्थानकापासून वर जाणाऱ्या जिन्याला पावणेचारशेच्या आसपास पायऱ्या आहेत. छोटी बस वर नेते, पण ती भरून जाते. आई-वडिलांसाठी कोर्निलिया सरळ वगळावे. त्यावाचून काही अडत नाही.

मग मुक्काम लेव्हान्तोला का? पाच गावांतील खोल्या लहान असतात, बहुतेक जुन्या घरांच्या वरच्या मजल्यांवर असतात आणि लिफ्ट क्वचितच मिळते. ‘समुद्रदर्शन’ असे लिहिलेल्या खोलीचा अर्थ पुष्कळदा ऐंशी पायऱ्या असा निघतो. लेव्हान्तो हे दरीच्या तोंडाशी सपाटीवर वसलेले, रुंद रस्त्यांचे, चांगली दुकाने असलेले नांदते गाव आहे. मोन्तेरोस्सो तेथून एकच स्थानक दूर आहे. संध्याकाळी दिवसभराच्या प्रवाशांची गर्दी ओसरली की येथे स्थानिक कुटुंबे बाहेर फिरताना दिसतात, जे पाच गावांत आता फारसे उरलेले नाही. शिवाय येथून बोनास्सोला आणि फ्रामुरापर्यंत जुन्या, सोडून दिलेल्या रेल्वेमार्गाच्या बोगद्यांतून चालण्यासाठी आणि सायकलींसाठी रस्ता केलेला आहे. तो पूर्ण सपाट आहे, आत थंडावा असतो, मध्येच बोगदा उघडतो आणि थेट समुद्रावर नजर जाते. आई-वडिलांना घेऊन बोनास्सोलापर्यंत रमतगमत जावे, तेथे कॉफी घ्यावी आणि चालवत नसेल तर परत रेल्वेने यावे. या भागात ज्येष्ठांसाठी याहून चांगला फेरफटका माझ्या माहितीत नाही.

मुलीचे आणि तिच्या बाबांचे काय, हाही प्रश्न आहेच. मोन्तेरोस्सो ते व्हेर्नात्सा ही पाऊलवाट साधारण साडेतीन किलोमीटरची आहे आणि दगडी पायऱ्यांचा चढ धरून तिला सुमारे दोन तास लागतात. दोघांनी सकाळी लवकर ती चालावी आणि उरलेल्या तिघांनी रेल्वेने व्हेर्नात्साला येऊन त्यांना गाठावे. कुटुंब असे दोन वाटांनी निघून त्याच गावात तासाभराच्या फरकाने पुन्हा एकत्र येऊ शकते, ही या किनाऱ्याची मोठी सोय आहे. या वाटेचे शेवटचे वळण उतरताना व्हेर्नात्साचा बुरूज आणि बंदर जसे खाली दिसते तसे ते दुसरीकडून कोठूनही दिसत नाही. वाटेवर चपला चालत नाहीत. चिंक्वे तेर्रे राष्ट्रीय उद्यानाचा तसा नियम आहे आणि दंडही होतो, त्यामुळे पकड असलेले बूट न्यावेत. रिओमाज्जोरे ते मानारोला हा ‘प्रेमाचा मार्ग’ 2012 च्या दरडीनंतर कित्येक वर्षे बंद होता. तो 2024 मध्ये पुन्हा उघडला. तो एक किलोमीटरहूनही कमी आणि जवळजवळ सपाट आहे, पण त्यासाठी वेळ ठरवून वेगळे तिकीट आधी काढावे लागते. इतर वाटा पावसानंतर अधूनमधून बंद ठेवल्या जातात, म्हणून निघण्याआधी उद्यानाचे संकेतस्थळ पाहून घ्यावे.

दोन्हीकडच्या जेवणाविषयी लिहिताना मला लिगुरियाकडे, म्हणजे चिंक्वे तेर्रे ज्या प्रांतात आहे त्याकडे, झुकल्यावाचून राहवत नाही. पेस्तो, म्हणजे बेसिलच्या पानांचा चटणीसारखा सॉस, तेथलाच. पेस्तो, बटाटा आणि फरसबी घातलेला त्रोफिये हा पास्ता पोट भरणारा असतो आणि तो मैदा आणि पाण्याचा असल्याने अंड्याचा प्रश्न सहसा येत नाही. फारिनाता म्हणजे हरभऱ्याचे पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल एवढ्यावर मोठ्या तांब्याच्या परातीत, लाकडाच्या भट्टीत भाजलेला पदार्थ. तो कडेने कुरकुरीत आणि मध्ये मऊ होतो, गरम असतानाच कापून कागदावर मिळतो, आणि आई-वडील तो पहिल्या घासापासून आपला मानतील. अक्रोडाच्या सॉसमधले पान्सोती हे पास्त्याचे छोटे मोदक पालेभाजी आणि ताज्या चीजने भरलेले असतात, पण त्यांत अंडे आहे का ते विचारून घ्यावे. आमाल्फीकडेही शाकाहारी उपाशी राहत नाही. चीज नसलेली मारिनारा पिझ्झा, वांग्याची पार्मिज्याना, सॉरेन्तो पद्धतीचे न्योक्की, म्हणजे बटाट्याचे छोटे उकडलेले गोळे, हे सारे उत्तम असते. मात्र त्या किनाऱ्याच्या पाककृतींत माशाचा शिरकाव अधिक आहे. चेतारा या गावची तर ओळखच अँचोव्ही या छोट्या माशाच्या अर्कामुळे आहे, आणि तो अर्क किंवा विरघळलेला मासा भाजीतही सापडू शकतो. ‘सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे, सेन्त्सा अच्चुगे’, म्हणजे मांस नको, मासा नको, अँचोव्ही नको, ही तीन वाक्ये पाठ करून ठेवावीत, कारण अँचोव्ही हा मासाच आहे हे वाढणाऱ्याला नेहमी सुचतेच असे नाही.

कडक शाकाहार पाळणाऱ्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पार्मिजानो चीज तिच्या ठरलेल्या नियमांनुसार वासराच्या जठरातील विरजणानेच केली जाते आणि अस्सल पेस्तोत ती असतेच. काही घरांत हे चालते, काहींत चालत नाही. आईंना आधी सांगून ठेवले तर तेथे टेबलावर अवघड प्रसंग येत नाही. लेव्हान्तोत स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घेतले तर एक वेळचे जेवण घरीच करता येते. भाजणी, मेतकूट, खाकरे न्यायला हरकत नाही, पण तूप, पेढे, बर्फी असे दुधाचे पदार्थ युरोपीय संघात सामानातून नेण्यास मनाई आहे, त्यामुळे ते घरीच ठेवावेत.

समुद्रस्नानाची कल्पना करून कोणी निघत असेल, तर दोन्हीकडे थोडी निराशा पदरी पडेल. काशीद किंवा तारकर्लीसारखी मऊ वाळू येथे नाही. बहुतेक ठिकाणी खडे आहेत, चांगल्या जागा छत्र्या आणि आरामखुर्च्या भाड्याने देणाऱ्यांनी घेतलेल्या असतात आणि मेच्या मध्याला पाणी बरेच गार असते. मोन्तेरोस्सो आणि लेव्हान्तो येथे जरा वाळू आहे, तर दक्षिणेत मायोरीचा किनारा त्यातल्या त्यात लांब आणि सपाट आहे.

मार्गाचा हिशेब असा आहे. फ्लॉरेन्सहून लेव्हान्तोला पिझा किंवा ला स्पेत्सिया येथे गाडी बदलून अडीच-तीन तासांत पोहोचता येते, आणि लेव्हान्तोहून मिलानला थेट इंटरसिटी गाडीने सुमारे तीन तास लागतात. म्हणजे रोम, फ्लॉरेन्स, लेव्हान्तो, मिलान अशी रेघ सरळ उत्तरेकडे जाते आणि कोठेही मागे फिरावे लागत नाही. याउलट फ्लॉरेन्सहून आमाल्फीला जायचे म्हणजे रोम ओलांडून पुन्हा दक्षिणेला यायचे आणि विमानासाठी परत रोमला जायचे. जाताना रोमला उतरणारे आणि येताना मिलानहून निघणारे तिकीट एकाच आरक्षणात काढता येते आणि त्याचे भाडे पुष्कळदा रोमच्या जाण्या-येण्याच्या तिकिटाच्या आसपासच असते. व्हिसाच्या अर्जाला जोडायचा कार्यक्रमही त्यामुळे सुटसुटीत होतो.

आता उत्तर केव्हा बदलेल ते सांगतो. विमान रोमहून जाऊन रोमलाच परतणारे असेल, किंवा घरात कोणाला पॉम्पेई पाहण्याची मनापासून इच्छा असेल, तर दक्षिणेला जावे, कारण इसवी सन 79 मध्ये राखेखाली गाडले गेलेले ते शहर आणि दक्षिणेकडे पेस्तुम येथील ग्रीक मंदिरे यांच्या तोडीचे लिगुरियात काही नाही. इतिहासाची ओढ असलेल्या माणसाला चिंक्वे तेर्रेत दुसऱ्या दिवशीच आता पुढे काय, असे वाटू शकते. अशा वेळी फ्लॉरेन्स आधी आणि रोम शेवटी असा क्रम लावावा, आणि मुक्काम सालेर्नोला करावा. रोमहून तेथे वेगवान गाडीने दोन तासांच्या आसपास लागतात, स्थानकापासून बोटीचा धक्का चालत काही मिनिटांवर आहे, समुद्राकाठचा झाडांच्या सावलीतला रस्ता पूर्ण सपाट आहे आणि खोल्यांचे दर पोझितानोच्या मानाने बरेच कमी आहेत. तेथून बोटीने आमाल्फीला जावे. कॅथीड्रलच्या बासष्ट पायऱ्या आईंनी चढल्या नाहीत तरी चौकातून तिचे दर्शनी रूप पुरेपूर दिसते. मग आमाल्फीहून वर डोंगरातल्या राव्हेल्लो या गावी जावे. बसचा हा चढ वळणांचा असला तरी अर्ध्या तासाच्या आत संपतो आणि वडिलांना तेवढे सोसवेल, नाहीतर टॅक्सी करावी. विला रुफोलो ही जुनी हवेली तेथल्या चौकाला लागूनच आहे. तिच्या बागेच्या कठड्यावरून खाली दिसणारा समुद्र हे या साऱ्या किनाऱ्यावरचे सर्वांत उत्तम दृश्य आहे असे माझे मत आहे, आणि त्यासाठी फारसे चढावे लागत नाही. पॉम्पेईची तिकिटे आता नावानिशी दिली जातात आणि दिवसाला 20,000 लोकांची मर्यादा घातलेली आहे, त्यामुळे ती आधीच काढावीत आणि सकाळी पहिल्या तासातच आत शिरावे. आत सावली अगदी थोडी आहे आणि रस्ते मोठ्या ओबडधोबड दगडांचे आहेत, तेव्हा गुडघ्यांसाठी काठी हवीच.

चिंक्वे तेर्रेच ठरले, तर चार दिवसांचा क्रम आधीच पक्का करू नये. पहिल्या स्वच्छ, शांत दिवशी बोट घ्यावी. ती कोर्निलिया सोडून बाकीच्या गावांना थांबते आणि पुढे पोर्तोव्हेनेरेपर्यंत जाते, जेथे खडकाच्या टोकावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे सान पिएत्रोचे छोटे चर्च उभे आहे. ढगाळ दिवस रेल्वेने व्हेर्नात्सा आणि मानारोलासाठी ठेवावा. मानारोलाला बंदराच्या पलीकडच्या टेकाडावरून गाव समोर दिसते, आणि तेथवरचा थोडा चढ आईंना जमेल. पूर्ण पावसाचा दिवस निघाला तर जेनोवाला जावे. तेथील जुने महाल 2006 पासून जागतिक वारसा यादीत आहेत आणि मत्स्यालय युरोपातील मोठ्या मत्स्यालयांपैकी एक आहे. गावांत सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर पोहोचावे. मधल्या वेळात जहाजांतून आलेले घोळकेच्या घोळके बंदरापर्यंत भरलेले असतात. लोकलचे दिवसाचे कार्ड किती रुपयांना पडते हे तारखेवर अवलंबून असते, आणि ज्या दिवशी दोनच गावे पाहायची असतील त्या दिवशी सुटी तिकिटे स्वस्त पडतात का, हे पाहून घ्यावे. कागदी तिकीट असेल तर फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारल्याशिवाय गाडीत चढू नये.

शेवटचा मुक्काम मिलानलाच ठेवावा. इटलीत रेल्वेचे संप आधी जाहीर करून होतात आणि त्यांच्या तारखा आठवडाभर अगोदर तपासता येतात, परंतु पाच जण, पाच बॅगा आणि संध्याकाळचे आंतरराष्ट्रीय विमान असा बेत असताना लेव्हान्तोहून त्याच दिवशी सकाळी निघण्याचा सल्ला मी कोणालाही देत नाही.